डोळे मिटून एक बेदाणा

"हा दोन नंबरचा आहे," गिरिजा म्हणाली.

मी तिच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला होता आणि मला शिकवल्याप्रमाणे अगदी हळू, मऊ आवाजात म्हटलं होतं, की असं समज, ही वस्तू तू जन्मात पहिल्यांदाच बघते आहेस. मग सांग बघू, काय काय दिसतं. तासगावच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या मुलीला मी हे सांगत होते. तिनं बेदाणा उजव्या हाताच्या चिमटीत धरायचा प्रयत्न केला, तो पडला, पुन्हा उचलला, खिडकीच्या उजेडात फिरवून बघितला आणि निकाल दिला. असला माल आमच्यात बाजूला काढतात, हेही वर सांगितलं. मला हसू आलं. मग तीही हसली, तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले दिसले.

याला आता बरीच वर्षं झाली. ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण संपवून मी तेव्हा नुकतीच मुंबईहून सांगलीला परतले होते. हे नेमकं काय असतं ते आमच्या घरातही कुणाला धड कळलं नव्हतं. लिहिणं, बटणं लावणं, नीट जेवणं, एका जागी बसणं ही रोजची कामं ज्या मुलांना जड जातात, त्यांच्याकडून खेळता खेळता त्यांची तयारी करून घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. पण माझे मामा अखेरपर्यंत असंच समजत होते की मी लहान मुलांना नोकरीला लावते.

मला स्वतःला नोकरी दिली होती भाटे डॉक्टरांनी. ते मुलांचे डॉक्टर; त्यांनी एक बालविकास केंद्र काढलं होतं. त्या वर्षी ते बेंगळुरूला कसल्याशा शिबिराला गेले आणि येताना पितळेचं एक वाडगं आणि 'माइंडफुलनेस' हा शब्द घेऊन आले. वाडग्यावर लाकडी दांडी आपटायची आणि मुलांनी डोळे मिटून त्याचा नाद विरेपर्यंत ऐकायचा. बेदाणा चावायच्या आधी त्याच्याकडे नीट बघायचं. पोटावर हात ठेवून श्वास कुठवर जातो ते शोधायचं. डॉक्टरांचा उत्साह असा होता की काही दिवसांनी हे चहा मागवायलाही वाडगंच वाजवतील की काय, अशी आम्हाला धास्ती वाटू लागली.

खरं सांगायचं तर मला हे सगळं आधी थोतांड वाटलं. पण अंगावर धावून येणारी, भिंतीवर डोकं आपटणारी मुलं त्या वाडग्यापुढे थांबायची, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. थांबली की त्यांना आपल्याला काय होतंय ते सांगता यायचं. मग मीही त्यात माझी भर घातली. केंद्रासमोरच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रॅक्टर जायचे. मी मुलांना म्हणायचे, राग आला, भीती वाटली, रडू आलं, की तो ट्रॅक्टर समजायचा. आला, आपण बघितला, गेला. दिसेल त्या ट्रॅक्टरमध्ये चढून बसायचं नाही. मुलांना ते फार आवडायचं. डॉक्टरांनाही आवडलं, त्यांनी ते आपल्या भाषणात घातलं, माझं नाव न घेता. तेवढं चालायचंच.

गिरिजा दुसरीत होती. अक्षर म्हणजे नुसत्या किडे-मुंग्या. गृहपाठाला बसवलं की किंचाळायची, वह्या फाडायची, एकदा वर्गातल्या बाईंना चावली होती. शाळेनं सांगितलं होतं की जूनपर्यंत फरक पडला नाही तर आम्ही हिला ठेवू शकणार नाही, अशा मुलांची वेगळी शाळा बघा. म्हणून तिची आई, सुमंगलाताई शेटे, एप्रिलच्या उन्हात तिला तासगावहून एसटीनं घेऊन यायच्या. बाहेरच्या बाकावर बसून क्रोशानं रुमाल विणायच्या. बोलणं बेताचंच. जाताना मात्र दर वेळी विचारायच्या, "जूनपर्यंत होईल का ओ हिचं?" मी होईल म्हणायचे, आणि मला तसं खरंच वाटायचं.

तर त्या दिवशी, आमचं हसून झाल्यावर, मी बेदाण्यांची वाटी तिच्यासमोर बरोबर मधोमध ठेवली. म्हटलं, आता डोळे मीट, वाटी शोध, एक बेदाणा घे, जिभेवर ठेव आणि लगेच चावू नकोस. तिनं डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला. चेहरा सैल पडला. आणि तिचा डावा हात उठला. तो चाचपडला नाही की अडखळला नाही. सरळ वाटीत गेला, दोन बोटांत नेमका एक बेदाणा धरला आणि तोंडाकडे निघाला. अर्ध्या वाटेत तिनं डोळे उघडले. हाताकडे बघितलं आणि चटका बसल्यासारखा तो मागे घेतला, बेदाणा घाईघाईनं उजव्या हातात दिला आणि दाराकडे बघितलं. दार बंद होतं. बाहेर आई बसली होती.

पुढच्या खेपांना मी तेच करत राहिले. बाटलीचं झाकण, मणी ओवणं, चेंडू झेलणं. डोळे उघडे असले की उजवा हात पुढे यायचा आणि मग सांडलवंड, चुका, संताप. डोळे मिटून ती श्वासात रमली की डावा हात यायचा आणि सगळं सुरळीत. एकदा वाळूच्या परातीत डोळे मिटून तिनं बोटानं आपल्या नावातला 'ग' काढला. डाव्या हातानं. इतका गोल, देखणा 'ग' मी मोठ्या माणसांचाही फारसा बघितलेला नाही. मी तो तसाच राहू दिला आणि परात कपाटावर ठेवली.

मग एका दुपारी आम्ही दोघी सतरंजीवर आडव्या पडलो होतो. ह्या खेळात डोळे मिटून अंगाच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायचं आणि तो काय म्हणतो ते सांगायचं. गिरिजाचे पाय म्हणाले, आम्हाला उन्हात जायचंय. पोट म्हणालं, मला भूक नाही.

"उजवा हात काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो दमलाय."

"आणि डावा?"

तिनं डावा हात पाठीखाली घेतला. मग म्हणाली, "तो बोलत नाही. त्याला शिक्षा केलीये."

तिच्या डाव्या मनगटावर एक काळपट वळ होता. घट्ट बांगडीचा असेल असं मला वाटलं होतं. आता विचारलं तेव्हा कळलं की तो रिबिनीचा आहे. शाळेची लाल रिबीन. लिहिताना आणि जेवताना डावा हात मागे खुर्चीच्या दांडीला बांधतात. कोण बांधतं, असं विचारल्यावर ती उठली आणि खिडकीशी जाऊन ट्रॅक्टर बघू लागली.

माझं डोकं फिरलं. मी मनातल्या मनात तिचं अख्खं घर उभं केलं: मिशीवाला करडा सासरा, गल्ल्यावरचा कडक बाप आणि त्यांच्या धाकात जगणारी ही मुकी सून. भाटे डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, डावखुरं असणं हा काही आजार नाही, हात बदलायला लावणं चूक आहे, तुम्ही आईला बोलावून समजावून सांगा. त्या दिवशी ते माझ्या बाजूनं होते, हे मी त्यांच्या पदरात टाकते. पुढचं टाकायला काही नाही.

सुमंगलाताईंना मी आत बोलावलं. गिरिजा कोपऱ्यातल्या झोक्यावर बसून चेंडूशी खेळत होती. मी मेंदूचं चित्र काढून दाखवलं, हात बळजबरीनं बदलला की मुलं का चिडतात, का अडखळतात ते सांगितलं. शाळेशी मी बोलेन म्हटलं. घरात बोलायला तुम्हाला जड जात असेल तर त्यांना माझ्याकडे घेऊन या, मी बघून घेते, असंही म्हटलं. त्या मान खाली घालून विणत होत्या. सुई उजव्या हातात, दोरा डाव्या बोटावर. मला त्यांची कणव आली होती. ती कणव मला अजून आठवते आणि तिची लाज वाटते.

तेवढ्यात गिरिजाच्या हातून चेंडू सुटला आणि जोरात त्यांच्या तोंडावर आला. त्यांनी वर बघितलंही नसेल. डावा हात उठला, चेंडू हवेत झेलला, मांडीवर ठेवला आणि पुन्हा दोऱ्याशी गेला. उजव्या हातातली सुई हललीसुद्धा नाही. पण त्या एका क्षणात मला त्यांचा तळवा दिसला. त्यावर मधोमध, पांढरट आणि चकचकीत, भाजल्याची जुनी खूण होती.

"वहिनी, तुम्ही डावखुऱ्या आहात," मी म्हणाले.

"होते," त्या म्हणाल्या.

मग पहिल्यांदाच त्या सलग बोलल्या. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला घरी पंगत होती. नव्या सुनेनं तूप वाढायचं असतं. सवयीनं तुपाची वाटी उजव्या हातात राहिली आणि पळी डाव्यात. सासऱ्यांच्या थोरल्या मेहुण्यांनी ते बघितलं आणि ते पानावरून उठले. त्यांच्यामागोमाग सगळी पंगत उठली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. नुसता माहेरी निरोप गेला, की मुलीला वळण लावून पाठवायला हवी होती. त्यांचे वडील आले आणि त्यांनी त्या मेहुण्यांच्या दारात उभं राहून माफी मागितली.

"वडिलांनी टोपी काढून हातात धरली होती, मॅडम," सुमंगलाताई म्हणाल्या. "ते परत गेले आणि मी उलथनं तापवलं. हाताला फडकं बांधलं की तो कामाला येत नाही. मग दुसऱ्या हाताला यावंच लागतं. दिवाळीपर्यंत वळला."

"तुम्ही स्वतः?"

"मग दुसरं कोण करणार होतं?" त्यांनी दोऱ्याचा एक वेढा घेतला. "हिची रिबीनपण मीच बांधते. सासरे कधीच गेले. हिच्या बाबांना तर ठाऊकसुद्धा नाही. मी रिबीनच बांधते, मॅडम. उलथनं नाही लावत."

मी उभं केलेलं घर एका वाक्यात कोसळलं. तरी मी रेटून बोलत राहिले, की काळ बदललाय, आता असं कुणी पानावरून उठत नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या मुंबईत बदलला असेल. हिला द्यायची आहे ती आमच्यातच, आणि तिथं पंगती अजून बसतात. त्यात तिरकेपणा नव्हता. त्या मला माहिती देत होत्या.

मग त्यांनी विणकाम पिशवीत ठेवलं आणि जरा पुढे सरकून, आर्जवानं म्हणाल्या, "एक मागू का? तुम्ही ते श्वासाचं शिकवता, ट्रॅक्टरचं शिकवता, ते लई चांगलं आहे. घरीपण करते ती. तेवढं पक्कं करून द्या. बांधताना ओरडली नाही की झालं. मन गप बसलं की हात आपोआप वळतो. मला कुणी शिकवलं नव्हतं ओ."

मी नाही म्हटलं. माझा आवाज चढला असणार, कारण गिरिजानं झोका थांबवला. मी म्हटलं, हे त्यासाठी नाही. आपल्याला काय दुखतंय, काय हवंय हे मुलाला ओळखता यावं म्हणून आहे हे.

"ओळखून काय करायचं?" सुमंगलाताईंनी विचारलं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

त्या माझ्याकडून उठल्या आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावलं. मे महिन्याअखेरीस पालकांचा मेळावा होता आणि त्यात त्यांना ही नवी पद्धत लोकांना करून दाखवायची होती. त्यांनी मला समजावलं की आपण कुणाची घरं सुधारायला बसलेलो नाही. घरच्यांना काय हवंय ते बघायचं. मूल किंचाळतं ही तक्रार होती, किंचाळणं कमी होतंय, शाळा वाचतेय, मग तुमचं म्हणणं काय? मी म्हटलं, तिला बांधतात म्हणून ती किंचाळते, आणि आपण तिला बांधून घ्यायला शिकवतोय. त्यांनी टेबलावरचं वाडगं माझ्याकडे सरकवलं.

"तुम्ही फार गुंतताय," ते म्हणाले. "जरा डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या."

या माणसाचा मला अजूनही राग येतो. माझ्या ट्रॅक्टरच्या गोष्टीवर माझाच विश्वास नाही तो इथं. हा ट्रॅक्टर माझ्या दारात उभा आहे आणि त्याचं इंजिन चालू आहे.

गिरिजाला त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी तिच्या वडिलांना दुकानात फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पोरीचं काय ते तिच्या आईलाच कळतं, असं म्हणून ठेवून दिला. शाळेत गेले तर तिथल्या मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, आम्हाला हात कुठला त्याच्याशी कर्तव्य नाही, वर्गात गोंधळ नको. यापुढे कुणाकडे जायचं ते मला सुचलं नाही. बंद दारामागून वाडग्याचा आवाज यायचा, विरायचा आणि मग इतकी शांतता पसरायची की मी माझ्या खोलीतला पंखा मोठा करायचे. बाहेर पडताना गिरिजा मला हात हलवून दाखवायची. उजवा. मी राजीनामा लिहून दिला. डॉक्टरांनी तो मेळाव्यापर्यंत थांबा म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला.

मेळाव्याला हॉल भरला होता. डॉक्टरांनी वाडगं वाजवलं, ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग गिरिजाला पुढे बोलावलं. दोन वेण्या, कडक इस्त्रीचा फ्रॉक. टेबलावर पाटी होती आणि खडू. ती खुर्चीवर बसली, डावा हात तिनं स्वतःच मांडीखाली सरकवला आणि त्यावर नीट बसली. डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला. घाई नव्हती. मग डोळे उघडून तिनं उजव्या हातात खडू धरला आणि आपलं नाव लिहिलं. वाकडं, चिरडलेलं, शेवटी खाली घसरत गेलेलं नाव. पण लिहिलं. ना किंचाळली, ना पाटी फेकली. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत शाळेच्या मुख्याध्यापिका बाई बसल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की ही मुलगी आमच्याकडेच राहील.

मी मागच्या दाराशी उभी होते. लोक चहाकडे वळल्यावर सुमंगलाताई मला शोधत आल्या. मी त्यांना तोवर हसताना बघितलंच नव्हतं. त्या हसल्या की गिरिजासारख्या दिसतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पिशवीतून बेदाण्यांचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. डॉक्टरांना दिला नाही, मला दिला. म्हणाल्या, डॉक्टरांनी पुढचं केलं, पण हिला पहिलं वळण तुम्ही लावलंत.

"आता रिबीनसुद्धा लागत नाही, मॅडम. टाकून दिली," त्यांनी सांगितलं आणि पदरानं डोळे टिपले.

गिरिजा माझ्या कमरेला बिलगली. तिला मला काहीतरी सांगायचं होतं. मी वाकले.

"ताई, डावा हातपण ट्रॅक्टरच आहे," ती माझ्या कानात म्हणाली. "येतो. मी बघते. मग जाऊ देते."

कपाटावर ती वाळूची परात अजून होती का, तो 'ग' तिच्यात होता का, मला माहीत नाही. मला एवढंच वाटलं की आत कुठेतरी असणार. मुलाच्या आतलं असं इतक्या लवकर जात नसतं. मी डब्याचं झाकण काढलं, डबा तिच्यासमोर बरोबर मधोमध धरला आणि म्हटलं, डोळे मीट, गिरिजा. एक घे.

तिनं डोळे मिटले. चेहरा सैल पडला, अगदी पहिल्या दिवशीसारखा. सुमंगलाताई बघत होत्या. त्यांची डावी मूठ घट्ट आवळलेली होती.

उजवा हात पुढे आला. डब्याच्या काठावर आपटला, चाचपडला, काही बेदाणे जमिनीवर सांडले. डावा हात फ्रॉकच्या कडेला लोंबत होता. मी त्याच्याकडेच बघत राहिले. त्याचं बोटसुद्धा हललं नाही. सुमंगलाताईंनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

शेवटी उजव्या हाताला एक बेदाणा सापडला. गिरिजानं तो बोटांत दाबून बघितला.

"हा एक नंबरचा आहे, ताई," ती म्हणाली आणि डोळे न उघडता तो माझ्यापुढे धरला.